होडीमागची हाक

मंगळवार होता. आमच्या इमारतीच्या टाकीची आदल्या दिवशी दुरुस्ती झाली होती. नळाला पाणी येतं की नाही हे बघायला मी एकेका घराची बेल वाजवत खाली उतरत होतो. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात डिसेंबरात नऊ वाजले तरी उन्हाला जोर नसतो. दुसऱ्या मजल्यावर मुग्धाने दार उघडलं. ती पुण्याची, सर्जापूर रोडच्या एका कंपनीत कामाला आहे. म्हणाली, काका, पाणी येतंय पण गढूळ आहे. ते मी वहीत लिहीत होतो तेव्हा फोन वाजला. रणजीतचा, माझ्या धाकट्या भावाचा.

आधी नुसता वारा ऐकू आला, मागे बायकांचे आवाज. मग तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही निघा."

काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला वहिनी पाण्यात गेली. मी विचारलं, सापडली का? "सापडली," तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही. समुद्राकाठच्या माणसाला एवढं पुरतं. पोहणारा माणूस परत येतो, बुडालेला सापडतो.

मुग्धा दारातच उभी होती. मी तिला सांगितलं, गढूळ पाणी तासाभरात जाईल. मग वर जाऊन सुशांतला फोन केला. सुशांत माझा मुलगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करतो. तो गाडी घेऊन येईपर्यंत मी खुर्चीवर बसून होतो. आदल्या संध्याकाळी महानंदाशी झालेलं बोलणं पुन्हा पुन्हा आठवत होतो. त्यात विशेष काही नव्हतं. ती म्हणाली होती, "भाऊजी उद्या होडीतून नेतायत मला. एकतीस वर्षं झाली समुद्राच्या घरात देऊन, एकदा तरी बसते." मी म्हणालो, स्वेटर घाल. एवढंच.

महानंदा निपाणीकडची. त्या बाजूला समुद्र नाही. दर डिसेंबरात ती आठ दिवस माझ्या गावी जायची, कारवारजवळ, किनाऱ्यावर. बेंगळुरूच्या थंडीत तिचे सांधे धरायचे, तिथल्या उन्हात मोकळे व्हायचे. मी दरवर्षी बरोबर असायचो. या वर्षी टाकीच्या कामासाठी थांबलो.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तालुक्याच्या दवाखान्यातले सोपस्कार झाले. पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं, अंगावर हिरवी साडी आणि तपकिरी स्वेटर.

घरी आलो तर अंगणात माणसं होती. कोणी रडत होतं, कोणी खोकत होतं. मी चपला काढत होतो तेवढ्यात शेजारची एक म्हातारी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "कृष्णाबाई वाळूवर आली होती रे. होड्या सुटताना. सगळ्यांनी बघितलं." दुसरी म्हणाली, पदर हलवत होती. आणखी कोणी म्हणालं, गेल्या वर्षीही तिने हेच केलं होतं.

कृष्णाबाई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझी बायको गेली होती आणि मला कोणावर तरी ओरडायचं होतं.

"तू तिथे कशाला गेलीस?" मी विचारलं.

मी आणखी बोललो. काय बोललो ते इथे लिहायची लाज वाटते, पण लिहायला हवं. मी म्हणालो, "स्वतःचा नवरा खाल्लास, आता माझी बायको." सुशांत माझ्या मागे होता. त्याने ऐकलं. अंगणात ऐकू गेलं असणार, कारण तिथला आवाज थांबला.

अक्काने फक्त पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला.

आमच्या वाडीची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सकाळी होड्या पाण्यात ढकलतात तेव्हा विधवेचं तोंड दिसू नये. घरं आणि वाळू यांच्यामध्ये जुन्या जाळ्यांचं कुंपण आहे. शेवटची होडी सुटेपर्यंत विधवांनी त्या कुंपणाच्या आत थांबायचं. आणि होडीच्या मागून त्यांची हाक येता कामा नये. आली तर ती होडी परत ओढतात, त्या दिवशी नेत नाहीत. दुपारी होड्या भरून आल्या की त्याच बायकांनी टोपल्या उचलायच्या, मासळी निवडायची, खारवायची, जाळी झाडायची. तेव्हा त्यांचं तोंड कोणाच्या आड येत नाही.

अक्का सव्विसाव्या वर्षी परत घरी आली. तिचा नवरा कावीळ होऊन गेला, तोही हुबळीत, गिरणीत कामाला असताना. समुद्राचा त्यात काही संबंध नव्हता. आई आजारी असायची, म्हणून रणजीतला अक्कानेच वाढवलं. त्याला पोहायला तिने शिकवलं, जाळं शिवायला तिने शिकवलं. वडील म्हणायचे, ही मुलगा असती तर माझी होडी हिला दिली असती. आणि हेच वडील पहाटे तिला हाताने मागे सारायचे, आत हो गो, आम्ही निघतो.

मी दहावीनंतर बेंगळुरूला आलो, एका कारखान्यात लागलो, तिथूनच निवृत्त झालो. मी या गोष्टी मानत नाही असं सगळ्यांना सांगत आलो. आमच्या मराठी मंडळात एकदा विधवांच्या प्रश्नावर बोललोही होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महानंदा पहिल्या रांगेत होती.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. तेव्हाही डिसेंबरच होता आणि आम्ही दोघं गावी होतो. पहाटे रणजीत होडी घेऊन निघाला आणि फोन घरी विसरला. अक्का फोन घेऊन कुंपणाबाहेर आली आणि तिने हाक मारली, "रणजीत, अरे फोन." आजूबाजूला पाच होड्या पाण्यात होत्या. सगळ्यांनी ऐकलं. रणजीतची होडी परत आली, तिच्याबरोबर आणखी दोन आल्या. त्या आठवड्यात बांगडे किनाऱ्याजवळ आले होते, वर्षातून चार-सहा दिवस येतात तसे. तीन होड्यांचा दिवस फुकट गेला.

बसवंत तांडेल दहा-बारा माणसं घेऊन आमच्या ओसरीवर आला. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. आमच्या वाडीत त्याचा शब्द चालतो. मी चहा पीत बसलो होतो. तो मला म्हणाला, "येसाजी, तू मोठा. शिकलेला. तूच सांग हिला."

मी त्याला सांगायला हवं होतं की बाबा, तिने फोन द्यायला हाक मारली, त्यात काय वाईट झालं? हे बोलायला मला येत होतं. मंडळात याहून मोठं बोललो होतो. पण माणसं चिडलेली होती, रणजीतला त्यांच्यातच राहायचं होतं आणि मला शांतपणे चहा प्यायचा होता. चार दिवसांसाठी आलोय, कशाला वाद. मी अक्काला बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "माझ्या डोक्यावर हात ठेव. पुन्हा होडीमागून हाक मारणार नाही म्हण."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला खोबरेल आणि मासळीचा वास होता. ती म्हणाली, "नाही मारणार." माणसं निघून गेली. तांडेल जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

दुपारपर्यंत महानंदा माझ्याशी बोलली नाही. मग भाजी निवडताना म्हणाली, "तुम्ही मानत नाही ना शपथ? मग घातलीत कशाला? ती मानते. ती पाळेल हो."

मी म्हणालो, पाळली तर बरंच आहे, भांडण तरी होणार नाही.

महानंदाचे दिवस झाल्यावर वाडीतल्या लोकांची बैठक बसली. ठरलं असं की मोसम संपेपर्यंत कृष्णाबाईने किनाऱ्याच्या घरात राहू नये. रणजीत खाली मान घालून मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही घेऊन जा तिला. इथे तिला कोणी जगू देणार नाही." मीही हो म्हणालो. दयेने नाही. दुसरी सोय नव्हती म्हणून.

तिला घेऊन बेंगळुरूला आलो. दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं, पण बोलणं नाही. ती स्वयंपाक करायची, ताट वाढायची आणि आत जायची. समोर कन्नड कुटुंब आहे, त्यांच्या सुनेशी ती थोडं बोलायची, स्वल्प हळद आहे का, एवढंच. सुशांत रविवारी यायचा, तिच्याकडे न बघता जेवायचा आणि जायचा. मी सकाळी फिरायला निघालो की ती स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायची. पहिले दोन दिवस मला कारण कळलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, आणि मी तिला तसं करू नको म्हणालो नाही.

संक्रांतीला मुग्धा हळदीकुंकवाचं बोलावणं करत आली. माझ्याकडे बघून तिचे डोळे भरले, काकूंच्या हातची गुळपोळी आठवते म्हणाली. मग मागे उभ्या असलेल्या अक्काला म्हणाली, "आजी, तुम्हाला मी तिळगूळ नंतर वर आणून देते हं." मोठ्या कंपनीत काम करणारी, चांगली पोर आहे. तिला आपण काय बोललो हे कळलंही नाही. अक्का म्हणाली, "सरी." कन्नडमध्ये ठीक आहे म्हणतात तसं, अगदी सहज.

त्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळी सातच्या सुमारास, मी फिरायला निघालो. लिफ्टने खाली उतरलो, फाटकापर्यंत गेलो. मागे कोणीतरी धापा टाकतंय असं वाटलं. वळून बघितलं तर अक्का. अनवाणी, तीन जिने उतरून आली होती. हातात माझा चष्मा. सहासष्ट वर्षांची बाई, छातीला हात लावून उभी.

मला राग आला. म्हणालो, "अगं, दारातूनच हाक मारायची ना. मी लिफ्टपाशी होतो."

तिने आधी दम खाल्ला. मग म्हणाली, "तूच तर शपथ घातलीस."

मी म्हणालो, ती होडीमागची होती.

"निघालेल्या माणसाच्या मागून कसली हाक मारायची रे मी?" ती म्हणाली. "त्या दिवशीसुद्धा नाही मारली."

फाटकाजवळ पहारेकऱ्याचा सिमेंटचा कट्टा आहे. तिथे मी तिला बसवलं. सगळं तिने तिथे सांगितलं. दूधवाल्याच्या गाड्या जात होत्या, शाळेच्या बसमध्ये पोरं चढत होती. ती मान खाली घालून बोलत होती, मधे मधे माझा चष्मा पदराने पुसत होती.

त्या सकाळी मी तिथे नव्हतो. पण तिच्याकडून, आणि मग रणजीतकडून आणि त्याची बायको भाग्यलक्ष्मी हिच्याकडून, मी ती सकाळ इतक्या वेळा ऐकली आहे की आता मला ती दिसते.

फायबरच्या होडीला मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं. होडी वाळूवर ओढली की त्यातलं बूच काढतात, आतलं पाणी निघून जातं. पाण्यात ढकलण्याआधी ते घट्ट बसवतात. रणजीतने आदल्या संध्याकाळी होडी आतून धुतली, वहिनीला मासळीचा वास येऊ नये म्हणून. बूच काढलं आणि त्याला बांधलेल्या लाल चिंधीने ते वाळूतल्या खुंट्यावर अडकवलं, रोज अडकवायचा तिथेच.

पहाटे थंडी होती. जमिनीवरून वारा समुद्राकडे जात होता आणि पाणी अगदी सपाट होतं. महानंदाने होडीला कुंकू लावलं. नारळ तिच्याच हातून फोडला. रणजीत म्हणाला, सवाष्ण होडीत बसतेय, आज मासळीने जाळं फाटेल बघा. त्याचा भागीदार अभिजीत आणि आणखी चार माणसांनी होडी ढकलली. रोज रणजीत स्वतः मागच्या बाजूला असतो, त्या दिवशी तो पुढे उभा राहून वहिनीचा हात धरून तिला चढवत होता. बूच राहिलं.

अक्का कुंपणाच्या आत होती. तिथून खुंटा पन्नास पावलांवर आहे. होडी पाण्याला लागली तेव्हा थोडं उजाडलं आणि तिला खुंट्यावरची लाल चिंधी दिसली. तिच्या लगेच लक्षात आलं. वाडीत तिच्याइतकी होडी जाणणारी माणसं थोडी आहेत.

"तोंड उघडलं होतं रे येसू," ती मला म्हणाली. "आवाज गळ्यापर्यंत आला होता. मग तुझं डोकं आठवलं. वाटलं, हाक मारली तर तू जाशील."

ती घराकडे धावली. भाग्यलक्ष्मी न्हाणीघरात होती. अक्काने दार बडवलं, तू हाक मार, तू हाक मार, बूच राहिलंय. भाग्यलक्ष्मी ओल्या लुगड्याने बाहेर आली, वाळूवर जाऊन नुसती रणजीतच्या नावाने ओरडली. तोवर होडीचं मशीन सुरू झालं होतं, ढकलणारी माणसं आपापल्या होड्यांकडे गेली होती. मशीनच्या आवाजात होडीतल्या माणसाला शेजारच्याचं ऐकू येत नाही. तेव्हा अक्का कुंपणाबाहेर आली आणि पाण्यात गुडघाभर जाऊन पदर हलवू लागली. तोंडातून आवाज मात्र काढला नाही. वाडीने बघितलं ते एवढंच. भाग्यलक्ष्मीने सात वेळा फोन लावला. या वर्षी रणजीतकडे फोन होता, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत ठेवलेला.

होडी चालत असते तेव्हा त्या भोकातून पाणी फारसं येत नाही. थांबली की येतं. ते खडकाजवळ थांबले, अर्ध्या मैलावर, जिथे आदल्या दिवशी जाळं टाकलं होतं. मशीन बंद केलं आणि दोघं जाळं ओढू लागले. बांगडा खूप होता. महानंदा पाय वर घेऊन मधल्या फळीवर बसली होती. प्रत्येक माशाचं नाव विचारत होती. बांगडा पाण्याबाहेर येतो तेव्हा पाठीवर हिरवा असतो आणि थोड्या वेळाने काळपट होतो, ते तिने पहिल्यांदा बघितलं. तिने हात पाण्यात घातला आणि म्हणाली, "भाऊजी, हे तर कोमट आहे हो." हिवाळ्यात पहाटे समुद्र हवेपेक्षा उबदार असतो. मी तिला हे एकतीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

अभिजीत म्हणाला, मागची बाजू दबलीय. रणजीतला वाटलं मासळीचं वजन. फळ्यांवर ओल्या जाळ्याचा ढीग होता, त्याखालचं पाणी दिसत नव्हतं. फळ्या तरंगायला लागल्या तेव्हा त्याला समजलं. दोघांनी कापलेल्या डब्याने पाणी उपसलं, मशीन लावलं आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ आहे, तिथे लाट उठते. भरलेली होडी लाटेवर चढली नाही. लाट मागून आत आली आणि होडी कलंडली. महानंदाच्या पायांत जाळं अडकलं. रणजीतने तीनदा बुडी मारली.

अक्काने हाक मारली असती तर काय झालं असतं? त्यांच्या रीतीप्रमाणे होडी परत ओढली असती. शिव्या दिल्या असत्या. बांगडे दुसऱ्या दिवशी धरले असते.

हे सगळं सांगून झाल्यावर अक्काने माझ्या हातात चष्मा दिला आणि विचारलं, "महानंदाला मी मारलं असं वाटतं तुला?"

मी नाही म्हणालो. माझी चूक झाली असंही म्हणालो. तिने मला शिव्या द्याव्या असं वाटत होतं. तिने दिल्या नाहीत. ती म्हणाली, "मग ते तिथे सांग. इथे मला सांगून काय उपयोग? मला ठाऊक आहे."

मी रणजीतला फोन केला. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की बूच आपणच काढलं होतं हे त्याला पाण्यात असतानाच कळलं होतं. अक्का का धावली हे भाग्यलक्ष्मीने त्याच दुपारी त्याला सांगितलं होतं. लोकांनी अक्काचं नाव घेतलं तेव्हा तो गप्प बसला. "बूच विसरणाऱ्याच्या होडीत पुन्हा कोण बसलं असतं अण्णा?" तो म्हणाला. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. तो पोटासाठी गप्प बसला होता. मी चहासाठी बोललो होतो.

पुढच्या रविवारी सुशांत आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. तो उठून आत गेला आणि आत्याजवळ जाऊन बसला. माझ्याशी तो अजून नीट बोलत नाही. ते बरोबर आहे.

मार्चमध्ये रणजीतने दुसरी होडी घेतली. पहिल्यांदा पाण्यात घालताना थोरल्याने नारळ फोडायचा असतो. त्याने मला बोलावलं. मी अक्काला म्हणालो, चल. ती म्हणाली, "मी नाही येत. तुला कोणी काही बोललं तर मला ऐकवणार नाही. आणि नाही बोललं तरी ऐकवणार नाही."

मी एकटा गेलो. सकाळी सहा वाजता वाळूवर तीसेक माणसं होती. होडीला झेंडूची माळ होती. तांडेलने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि नारळ हातात दिला. मी तिथे उभा होतो, बायको जाऊन तीन महिने झालेला माणूस, आणि माझं तोंड कोणाला वाईट नव्हतं. मला पुढे बोलावत होते. या या, अण्णांना वाट द्या.

मी नारळ हातात धरूनच बोललो. मला मंडळात बोलतात तसं बोलायचं नव्हतं. मी सांगितलं की बूच राहिलं होतं. अक्काने ते बघितलं होतं. तिने हाक मारली नाही, कारण आमच्या ओसरीवर, तुमच्यासमोर, मी तिला शपथ घातली होती. "माझी बायको तिच्या तोंडाने गेली नाही. तिचं तोंड बंद केलं म्हणून गेली. ते मी बंद केलं आणि तुम्ही करवून घेतलंत. हा नारळ अक्का फोडेल. मी फोडणार नाही."

रणजीत मशीनपाशी वाकला होता. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "बूच मी विसरलो. अण्णा सांगतात ते खरं आहे." मला तेव्हा तो अक्काने वाढवलेला पोर वाटला.

बसवंत तांडेलने थोडा वेळ पायाने वाळू उकरली. मग म्हणाला, "बरं. सांगितलंस, ते बरं केलंस. कृष्णाबाईवर आता कोणी बोट ठेवणार नाही, तिला घरी येऊ दे. पण रीत ती रीत. नारळ दे इकडे, भरती जातेय."

त्याने माझ्या हातातून नारळ घेतला आणि स्वतः फोडला. त्याची बायको जाऊन दहा वर्षं झाली आहेत. होडी पाण्यात गेली. दोन-तीन माणसं माझ्याजवळ थांबली, एकाने हात धरला, एक म्हणाला अण्णा, बरोबर आहे तुमचं, पण आमच्या घरातल्या बायकाच ऐकणार नाहीत. मग तोही गेला.

बेंगळुरूला परत आलो तेव्हा अक्का दारात उभी होती. आत गेली नव्हती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"भरती जातेय म्हणाले."

ती हसली. महानंदा गेल्यापासून पहिल्यांदाच. "बसवंत म्हणाला असेल," ती म्हणाली. "तो लहानपणापासून तसाच." मग माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेली. गावी परत जायचं का, हे मी तिला विचारलं. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.

नारळाच्या त्या सकाळी बसला जायला मी वाळूवरून वर आलो तेव्हा कुंपणाच्या आत बायका उभ्या होत्या. मी मोजल्या, अकरा. वाऱ्याने पदर उडत होते, एकीच्या हातात रिकामी टोपली होती. मी काय बोललो ते त्यांनी ऐकलं होतं, अंतर तेवढंच आहे. शेवटची होडी अजून सुटली नव्हती म्हणून त्या थांबल्या होत्या. मला बस गाठायची होती. मी मान खाली घालून त्यांच्यासमोरून गेलो.

त्या अजूनही रोज सकाळी तिथे उभ्या राहतात. त्यांच्यापैकी एकीशीही मी बोललेलो नाही.